माळ्यावरचा आखाडा

दिवाळी तोंडावर आली की आपल्या घरांत एक कत्तल होते आणि तिला आपण साफसफाई म्हणतो. माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली येते, पिवळे पडलेले कागद निघतात, आणि गृहस्वामी न वाचताच निकाल देतात : "रद्दी!" शिरूर-दौंडकडच्या घरांत या कागदांत यात्रेच्या हगाम्याचे एखादे पत्रकही असते. वर 'निकाली कुस्त्यांचे जंगी मैदान' असा ठळक मथळा. खाली मल्लांच्या जोडी, त्यांची गावे, वस्तादांची नावे, इनामाचे आकडे आणि तळाशी छापखान्याचे नाव. अहो, गावाचे दप्तर आणखी कसे असते?

"जाहिरातच ती! तिचे एवढे कौतुक कशाला?" असे विचारणाऱ्यांनी अमेरिकेकडे पाहावे. तिथे १९०९ ते १९११ या काळात सिगारेटच्या पाकिटांतून बेसबॉलपटूंची छोटी चित्रे जाहिरातीखातर वाटली गेली. त्यांतले होनस वॅग्नर या खेळाडूचे एक चित्र २०२२ साली साडेबाहत्तर लक्ष डॉलरना विकले गेले. डॉलर राहोत बाजूला. तो चिटोरा शंभर वर्षे कोणीतरी जपला, हे महत्त्वाचे.

"मग सरकार जपेल की!" सरकार कसले जपते? १९५४च्या कायद्याने प्रकाशकाला पुस्तकांच्या प्रती ठरावीक ग्रंथालयांना धाडाव्या लागतात. पुस्तिका आणि नकाशेही त्यात येतात. कुस्तीचे पत्रक येत नाही. खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीत कांस्यपदक जिंकले, त्याची नोंद जगाने ठेवली. पण घोडनदीच्या नाहीतर भीमेच्या काठी, दिवसभर शेतात राबून ज्याने अंग कमावले आणि हलगीच्या कडकडाटात शेवटची कुस्ती मारली, त्याचे नाव छापलेला कागद बहुधा हा एकच!

संग्राहक मंडळींनाही दोन शब्द सुनावले पाहिजेत. पत्रक काचेत घालून शहरातल्या दिवाणखान्यात टांगले, की गावाच्या दृष्टीने ते पुन्हा हरवलेच. त्याची नक्कल गावच्या वाचनालयात द्या. पत्रकावर साल नसेल तर म्हाताऱ्यांना विचारून मागे पेन्सिलीने लिहा. सांगणारे आहेत तोवरच हे होणार.

तेव्हा यंदा माळा खुशाल झाडा. मात्र पेटीतला कागद फेकण्याआधी एकदा आजोबांपुढे धरा. कोण जाणे, चौथ्या जोडीत त्यांचेच नाव असायचे!