घाटंजीचा घोणस आणि सिएटलचे प्रथिन

मृगाच्या सरी पडल्या की घाटंजीच्या शिवारात कपाशीची पेरणी सुरू होते. मग डवरणी, निंदण आणि दिवाळीच्या सुमारास वेचणी. या कामांत हात मातीजवळ असतो, पाय बहुधा अनवाणी. साप चावतो तो अशाच वेळी. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली, असा संशोधकांचा अंदाज आहे.

यावर नेमके औषध एकच : घोड्याला थोडे थोडे विष टोचून त्याच्या रक्तातून मिळवलेले प्रतिविष. ते प्राण वाचवते, यात शंका नाही. परंतु ती घोड्याची प्रथिने. काहींच्या शरीराला ती परकी वाटतात आणि प्रतिकारयंत्रणा धोक्याचे निरोप धाडू लागते. अंगावर गांधी उठतात, ताप भरतो, क्वचित रक्तदाबच कोसळतो. म्हणून डॉक्टर ॲड्रिनॅलिन हाताशी ठेवूनच प्रतिविष देतात.

जानेवारी २०२५ मध्ये एक वेगळी वाट दिसली. नागाच्या विषातील एक द्रव्य, मज्जातंतूंचा निरोप स्नायू जेथे घेतात, नेमके तेथे जाऊन बसते. निरोप पोचत नाही, श्वास थांबतो. अमेरिकेत सिएटल येथील डेव्हिड बेकर (२०२४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलचे एक मानकरी) आणि त्यांच्या डेन्मार्कमधील सहकाऱ्यांनी त्या द्रव्यालाच वाटेत गाठून कवटाळणारी छोटी प्रथिने संगणकावर आखली. विषद्रव्य दिल्यावर पंधरा मिनिटांनी ती टोचली तरी उंदीर जगले. असे प्रथिन जेमतेम शंभर अमिनो आम्लांचे. घोड्याचे पुरे प्रतिपिंड तेराशेंच्या वर. ते जिवाणूंकडून करवून घेता येते. शरीराचेच दाहाचे निरोप अडवणारी छोटी प्रथिनेही याच प्रयोगशाळेने केली आहेत.

तेव्हा घोड्यांना आता सुटी, असे कोणी म्हणेल. मला तसे वाटत नाही. उंदरांना दिले होते ते वेगळे काढलेले एकेक द्रव्य, सापाचे संपूर्ण विष नव्हे. शिवाय घोणसाचे (आपल्याकडे याला परडही म्हणतात) विष निराळेच. ते रक्त गोठण्याची व्यवस्था बिघडवते, मूत्रपिंडांवर घाला घालते. नागासाठी आखलेले प्रथिन तेथे काय करणार?

आणि घोणस तरी सगळीकडे सारखा कोठे आहे? भारतातील प्रतिविषासाठी लागणारे विष मुख्यतः चेन्नईजवळच्या इरुला साप पकडणाऱ्यांच्या सहकारी संस्थेकडून येते; ती १९७८ मध्ये स्थापन झाली. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी दाखवले आहे की, एकाच जातीच्या सापाचे विष प्रदेशागणिक बदलते आणि प्रतिविषाचा गुणही त्यानुसार कमी-जास्त होतो. संगणक कुलपाला किल्ली घडवील, पण कुलूप कोणते हे त्याला आपणच सांगायला हवे.

म्हणून माझी मागणी साधी आहे. विदर्भातील घोणस, नाग, मण्यार आणि फुरसे यांचे विष रीतसर गोळा करून त्याची तपासणी व्हावी. १९७२ च्या वन्यजीव कायद्यामुळे कोणालाही उठून सापाचे विष काढता येत नाही, आणि ते योग्यच आहे. पण संशोधन संस्थांना असा परवाना लवकर मिळावा. या कामाला नोबेल मिळणार नाही. तरीही सिएटलच्या संगणकाला घाटंजीच्या बांधावरचा घोणस ओळखता यायचा असेल, तर पहिली कुपी येथूनच भरावी लागेल.