संपादकांनी एकत्र यावे ते कशासाठी?

संपादकांच्या मेळाव्यांना मी आता जात नाही. एकेकाळी उत्साहाने जात असे. असे सहा-सात मेळावे मी पाहिले. स्वागताध्यक्षांचे भाषण, शाल आणि श्रीफळ, कागदाच्या दरवाढीबद्दल चिंता, वर्गणीदारांच्या उदासीनतेबद्दल खंत, आणि शेवटी शासनाने अनुदान वाढवावे असा ठराव. जेवण उत्तम असे, हे कृतज्ञतापूर्वक नमूद करतो. अशाच एका मेळाव्यात मी सुचवले होते की, जे आपल्याला अनुदान देतात त्यांनाच आपण सर्वांनी मिळून दहा प्रश्न विचारावेत आणि त्यांची उत्तरे आपल्या सर्व अंकांत एकाच दिवशी छापावीत. सभेत क्षणभर शांतता पसरली. मग अध्यक्ष म्हणाले, "सूचना विचारार्ह आहे," आणि चहाची सुट्टी जाहीर झाली. ती सूचना अद्यापि विचारार्हच आहे.

आमच्या मेळाव्याला जे साधले नाही ते ज्यांनी साधले, ते कोणी बंडखोर लेखक नव्हते. ते होते कॅथलिक पंथातील येशूसंघाचे, म्हणजे जेझुइटांचे, संपादक. या संघाला नियतकालिकांचा नाद फार जुना. रोमचे 'चिविल्ता कात्तोलिका' १८५० साली, पॅरिसचे 'एत्यूद' १८५६ साली, जर्मनीतले 'श्टिमेन डेर त्साइट' १८७१ साली आणि न्यूयॉर्कचे 'अमेरिका' १९०९ साली निघाले. आपल्या मराठीतही 'निरोप्या' हे मासिक हेन्री डोरिंग या जर्मन जेझुइटाने १९०३ साली तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात सुरू केले. अशा नियतकालिकांचे संपादक अधूनमधून एकत्र जमतात. २०१३ साली त्यांच्यापैकी युरोप-अमेरिकेतील काही मंडळी लिस्बनला जमली असता एक विचार पुढे आला: नव्या पोपची मुलाखत घ्यावी आणि ती सर्वांनी एकदम छापावी.

विचार सर्वांनाच सुचतात. येथे पुढची पायरीही घडली. निरनिराळ्या देशांतील संपादकमंडळांनी आपापले प्रश्न लिहून 'चिविल्ता'चे संपादक अंतोनियो स्पादारो यांच्याकडे पाठवले. त्यांनी ते एकत्र जुळवले आणि त्या वर्षीच्या ऑगस्टच्या १९, २३ व २९ या तारखांना पोप फ्रान्सिस यांच्यासमोर बसून विचारले. १९ सप्टेंबरला ती मुलाखत जगभरच्या १६ जेझुइट नियतकालिकांत एकाच वेळी प्रसिद्ध झाली. तुम्ही कोण, हा पहिलाच प्रश्न होता, आणि मी पापी माणूस आहे, असे त्याचे उत्तर होते. चर्च म्हणजे लढाईनंतरचे रणांगणावरचे इस्पितळ असावे, आणि गर्भपात, संततिनियमन, समलिंगी विवाह एवढेच विषय सतत उगाळू नयेत, असेही त्यांनी सांगितले. दुसऱ्या दिवशी जगातल्या मोठमोठ्या दैनिकांना या पाद्र्यांच्या अंकांतून मजकूर उचलावा लागला.

हे मी माझ्या एका स्नेह्यांना सांगितले. ते समाजवादी चळवळीत वाढलेले. पाद्री म्हटले की त्यांच्या कपाळाला आठी पडते. ते म्हणाले, "अहो, ज्यांनी आज्ञापालनाचे व्रत घेतले ते संपादक कसले? ते तर कारकून! मालकाची मुलाखत नोकराने घेतली, यात पराक्रम तो काय? आणि तो पोपही त्यांच्याच संघातला!"

आक्षेप कडवट आहे, पण पोकळ नाही, म्हणून त्याला उत्तर दिले पाहिजे. प्रथम त्यातले खरे ते मान्य करतो. जेझुइटांचे संपूर्ण व्रतधारी सभासद कामगिरीच्या बाबतीत पोपच्या आज्ञेत राहण्याचे एक जादा व्रत घेतात. 'चिविल्ता'ची मुद्रिते प्रसिद्धीपूर्वी व्हॅटिकनच्या सचिवालयाच्या नजरेखालून जातात. २०१३ च्या त्या मुलाखतीचा इटालियन मजकूरही आधी संमत झाला आणि मगच भाषांतरे झाली. तेव्हा हे संपादक आपल्या अर्थाने स्वतंत्र आहेत, असे मी म्हणणार नाही.

परंतु माझ्या स्नेह्यांना मी उलट विचारतो: आपल्या अर्थाने स्वतंत्र असलेल्या संपादकांनी कोणते दिवे लावले? आमच्या मुद्रितांवर कोणत्याही सचिवालयाचा शिक्का नसतो. तरीही पुढच्या वर्षीची जाहिरात, समितीवरची जागा, पुरस्काराची शक्यता, यांचा शिक्का आम्ही मनातल्या मनात आधीच उमटवून घेतो. बाहेरचा अभ्यवेक्षक निदान दिसतो तरी. आतला अभ्यवेक्षक आपल्याच खुर्चीत बसलेला असतो आणि स्वतःला सुजाण म्हणवतो.

याचा दाखला याच जेझुइटांच्या इतिहासात आहे. १८७५ च्या डिसेंबरात 'डॉइचलंड' नावाचे जहाज इंग्लंडच्या किनाऱ्याजवळ वाळूत रुतून फुटले आणि जर्मनीतून हद्दपार झालेल्या पाच धर्मभगिनी त्यात मरण पावल्या. जेरार्ड मॅन्ली हॉपकिन्स या तरुण जेझुइटाने त्यावर एक दीर्घ कविता लिहिली आणि आपल्याच संघाच्या 'द मन्थ' या मासिकाकडे पाठवली. संपादक त्याचा मित्र होता. तरीही १८७६ साली कविता नाकारली गेली. हॉपकिन्स १८८९ मध्ये वारला, आणि त्याच्या कवितांचे पुस्तक निघाले ते १९१८ साली. आज तो इंग्रजीतला श्रेष्ठ कवी मानला जातो. ती कविता अडवायला रोमहून कोणी फर्मान धाडले नव्हते. घरच्या संपादकाला ती पचली नाही, इतकेच. हा दोष व्रताचा नव्हे. तो आपल्या सर्वांच्या धंद्याचा दोष आहे.

आता दुसरी बाजू पाहा. 'श्टिमेन डेर त्साइट' हे नियतकालिक नाझी राजवटीने १९४१ मध्ये बंद पाडले. त्याच्या संपादकवर्गातले आल्फ्रेड डेल्प यांना २ फेब्रुवारी १९४५ रोजी बर्लिनमध्ये फाशी देण्यात आली. मध्य अमेरिकेतील एल साल्वादोरमध्ये जेझुइट विद्यापीठाचे 'एका' हे नियतकालिक निघते. १९७६ साली सरकारने जमीनसुधारणेपासून माघार घेतली, तेव्हा 'एका'ने अग्रलेख लिहून राष्ट्राध्यक्षांनी भांडवलापुढे सलाम ठोकला असल्याचे उघड सांगितले. त्यानंतर विद्यापीठात बॉम्ब फुटले. ज्यांच्या हाती त्या नियतकालिकाची सूत्रे होती ते इग्नासियो एयाकुरिया आणि त्यांचे पाच जेझुइट सहकारी १६ नोव्हेंबर १९८९ च्या पहाटे सैनिकांच्या गोळ्यांना बळी पडले. घरकाम करणारी एल्बा रामोस आणि तिची कोवळ्या वयाची मुलगी सेलिना यांनाही त्यांनी सोडले नाही. त्या कटातल्या एका माजी कर्नलला शिक्षा झाली ती २०२० साली, आणि तीही स्पेनच्या न्यायालयात. अग्रलेखासाठी प्राण देणाऱ्यांना कारकून म्हणण्याचे धाडस माझ्यात नाही. माझ्या स्नेह्यांनीही ते करू नये, अशी विनंती.

येथपर्यंत मी या मंडळींची बाजू घेतली. आता त्यांच्यावरच माझा जो आरोप आहे तो सांगतो, कारण त्यासाठीच हा लेख लिहिला आहे.

'अमेरिका'चे संपादक थॉमस रीज यांचा रिवाज असा होता की, वादाच्या विषयावर दोन्ही बाजूंचे लेख छापावेत. एड्सच्या प्रतिबंधासाठी निरोध, समलिंगी विवाह, गर्भपाताला पाठिंबा देणाऱ्या राजकारण्यांना कम्युनियन द्यावे की नाही, असे विषय त्यांनी वर्ज्य मानले नाहीत. रोमच्या धर्मसिद्धान्त-मंडळाला हे रुचले नाही. त्या मंडळाचे प्रमुख कार्डिनल रात्झिंगर होते. त्यांच्या मंडळाकडून जेझुइटांच्या वरिष्ठांवर दबाव येत राहिला. २००५ च्या एप्रिलमध्ये रात्झिंगर पोप झाले, आणि मे महिन्यात रीज संपादकपदावरून पायउतार झाले. सात वर्षे चालवलेला अंक त्यांनी असा सोडला.

त्या मे महिन्यात जगभरच्या जेझुइट नियतकालिकांनी एकाच दिवशी, एकाच शब्दांत, एवढाच प्रश्न छापला असता तर? दोन्ही बाजू छापणे हा गुन्हा आहे काय? व्रत न मोडता तो विचारता आला असता. प्रश्न विचारणे म्हणजे अवज्ञा नव्हे. परंतु तसे घडले नाही. जे हात २०१३ साली जुळले ते २००५ साली जुळले नव्हते. आणि नियती अशी की, २०१३ च्या मुलाखतीत पोप फ्रान्सिस स्वतःच सांगून गेले की, रोमची मंडळे नीट चालली नाहीत तर ती अभ्यवेक्षणाची ठाणी बनण्याचा धोका असतो. हे वाक्य ज्या अंकांत छापले गेले त्यांत 'अमेरिका'ही होते. आठ वर्षांपूर्वी ज्याची खुर्ची गेली त्याला ते वाचून काय वाटले असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

माझा आरोप एवढाच आहे: घरचा, प्रेमळ, उत्तर द्यायला तयार असलेला वडील माणूस भेटला तेव्हा सोळा जण एकत्र आले. एकत्र येण्याची खरी गरज होती ती वडील रागावलेले असताना. एकट्या संपादकाला गप्प बसवणे सोपे असते. त्याची बदली करता येते, त्याला राजीनामा द्यायला लावता येतो. सोळांची बदली एका दिवशी होत नाही. संपादकांच्या मेळाव्याचे प्रयोजन शोधायचे तर ते येथे आहे.

कोणी म्हणेल, मेळाव्यात व्यवहाराचेही बोलायला हवे: वाचक कमी होत आहेत, मजकूर पडद्यावर गेला आहे, खर्च भागत नाही. अवश्य बोलावे. हॉपकिन्सला नाकारणारे 'द मन्थ' १८६४ साली निघाले होते आणि २००१ साली बंद पडले, तेव्हा जमाखर्चाला हसण्याचा अधिकार कोणालाच नाही. पण जमाखर्च हा मेळाव्याचा विषय असावा, हेतू असू नये. ज्याला कोणाला काही विचारायचेच नाही, त्याचा अंक तगला काय आणि बुडाला काय!

पोप फ्रान्सिस २१ एप्रिल २०२५ रोजी निवर्तले. त्यानंतर आलेले लिओ चौदावे जेझुइट नव्हेत, ऑगस्टिनियन आहेत. तेव्हा आता त्या संपादकांची खरी परीक्षा आहे. घरच्या माणसाला त्यांनी मोकळेपणाने विचारले; दुसऱ्या घरच्या माणसालाही तितक्याच मोकळेपणाने आणि तितक्याच एकजुटीने विचारतील काय? आणि उत्तर आले नाही, तर प्रश्न तरी एकाच दिवशी छापतील काय?

माझे स्नेही म्हणतील, दुसऱ्यांच्या घरची एवढी उठाठेव तुम्हाला कशाला? उत्तर सोपे आहे. आपल्या घरात पोप नाही, असे आपण समजतो. पण अनुदानाची समिती आहे, संस्थेचा अध्यक्ष आहे, पूर्ण पानाची जाहिरात देणारा कारखानदार आहे. त्यांना विचारायचे प्रश्न प्रत्येक मराठी संपादकाच्या खणात पडून आहेत, आणि प्रत्येकाला वाटते की आपण एकटेच आहोत. पुढच्या मेळाव्याचे निमंत्रण मला आले तर मी जरूर जाईन. शाल नको, श्रीफळही नको. चहाच्या सुट्टीपूर्वी अर्धा तास द्यावा, आणि प्रत्येकाने आपला एक प्रश्न कागदावर लिहून आणावा. माझा मी आजच लिहून ठेवला आहे.