मामांची बंद केलेली गोळी

दुर्गदबैलला संध्याकाळी गिरमिट आणि मिरची भजी खायची, आणि रात्री ‘पित्त झालं’ म्हणून खायचा सोडा शोधायचा, हे आपल्या घरांना नवीन नाही. पण यंदा आमच्याकडे गोष्ट त्याच्या पुढे गेली.

माझ्या मामांचं दुर्गदबैलला दुकान आहे. जुना मधुमेह, त्यामुळे किडनी अशक्त. एक विक्रेता पाण्याचं यंत्र घेऊन आला. ग्लासात दोन थेंब टाकले. नळाचं पाणी हिरवट झालं, यंत्राचं जांभळं. “काका, तुमचं रक्त आम्ल झालंय, सगळे आजार त्यातूनच येतात!” मामांना पटलं. यंत्र आलं, रोज शहाळं सुरू झालं आणि दोन गोळ्या कोणाला न विचारता बंद झाल्या.

तीन आठवड्यांत मामांना धाप लागू लागली. तपासणीत रक्तातलं आम्ल खरंच वाढलेलं होतं, पोटॅशियमही. चार दिवस दवाखान्यात काढावे लागले. डॉक्टर म्हणाले, “काका, तुम्ही बंद केलेली एक गोळी सोड्याचीच होती. आम्ल कमी करायलाच दिली होती!”

आता यामागचं शास्त्र थोडक्यात. आम्लता पीएचमध्ये मोजतात. शेतकरी त्यालाच सामू म्हणतात. ७ म्हणजे उदासीन, त्याखाली आम्ल, वर अल्कली. एक अंक बदलला की फरक दहापट. आपल्या रक्ताचा पीएच ७.३५ ते ७.४५ एवढ्या अरुंद पट्ट्यात असतो. तो सांभाळतात फुप्फुसं आणि किडन्या. फुप्फुसं कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतात, किडन्या जादा आम्ल लघवीतून काढतात. जेवणाने लघवीचा पीएच बदलतो, रक्ताचा नाही. आणि अल्कली पाणी पोटात गेलं की तिथल्या तीव्र आम्लात त्याचा जोर संपतो. थेंबांचा रंग पाण्याबद्दल सांगतो, आपल्या रक्ताबद्दल काहीच सांगत नाही.

किडनी थकली की मात्र आम्ल साचतं. तेव्हा औषध लागतं, तेही मोजून. शहाळं एरवी उत्तम, पण त्यात पोटॅशियम भरपूर. अशक्त किडनीला ते बाहेर टाकता येत नाही. मनाने खाल्लेला सोडाही रक्तदाबवाल्यांना धोक्याचा, कारण त्यात सोडियम असतं.

हे फक्त आपल्याकडेच घडतं असं नाही. ‘द पीएच मिरॅकल’ या पुस्तकाचे अमेरिकन लेखक रॉबर्ट यंग यांच्या सल्ल्यावर विसंबून एका कॅन्सरच्या रुग्ण महिलेने केमोथेरपी टाळली. २०१८ मध्ये सॅन डिएगोच्या ज्युरीने तिला १०.५ कोटी डॉलर भरपाई मंजूर केली. पण गेलेला वेळ पैशाने परत येत नाही.

भाजी, फळं, डाळी जरूर खा. त्या चांगल्याच आहेत, त्यासाठी पीएचचा आधार लागत नाही. आणि तरुण मंडळींनो, एक काम कराच. या रविवारी घरातल्या मोठ्यांचा गोळ्यांचा डबा उघडा. कोणती गोळी कशासाठी, हे डॉक्टरांना विचारून मराठीत चिठ्ठीवर लिहा आणि डब्यावर चिकटवा. मामांच्या डब्यावर ती चिठ्ठी असती, तर ते चार दिवस दुकानातच गेले असते.