नटाच्या पोटाचा प्रश्न आणि आयर्लंडचे उत्तर

‘नाटकात काम करतोस हे छानच, पण पोटापाण्यासाठी काय करतोस?’ हा प्रश्न ऐकला नाही असा नट मराठी रंगभूमीवर शोधून सापडणार नाही. मुलीच्या वडिलांपासून ते घरमालकापर्यंत सारेच तो विचारतात. पण हा प्रश्न काही फक्त दादर-गिरगावातला किंवा पुण्याच्या सदाशिव पेठेतला नाही. सातासमुद्रापलीकडे डब्लिन शहरात तो शंभराहून अधिक वर्षे विचारला जात आहे. वेगळेपण आहे ते एवढेच की, आयर्लंडच्या सरकारने अलीकडे त्याचे उत्तर देण्याचा खरोखरच प्रयत्न करून पाहिला.

आयर्लंड हा देश तसा चिमुकला. २०२२ च्या जनगणनेप्रमाणे तेथील लोकसंख्या सुमारे ५१ लाख, म्हणजे एकट्या मुंबई शहराच्या निम्म्याहूनही कमी. पण नाटकाच्या जगात या देशाचा दबदबा फार मोठा. येट्स, शॉ आणि बेकेट हे नाटके लिहिणारे तीन नोबेलविजेते या मातीतले. पु. ल. देशपांड्यांनी १९७५ मध्ये रंगभूमीवर आणलेल्या आणि भक्ती बर्वे यांनी गाजवलेल्या ‘ती फुलराणी’चे मूळ ज्या ‘पिग्मॅलियन’मध्ये आहे, ते लिहिणारा बर्नार्ड शॉ डब्लिनचाच. नाटककाराचे नाव पुस्तकात राहते, पिढ्यान्‌पिढ्या टिकते. त्याचे शब्द रोज रात्री जिवंत करणाऱ्या नटाचे मात्र पडदा पडला की काय होते, हे फारसे कोणी विचारत नाही.

हौशी की पगारी?

डब्लिनचे ‘अ‍ॅबी थिएटर’ २७ डिसेंबर १९०४ रोजी सुरू झाले. येट्स आणि लेडी ग्रेगरी यांची ती कल्पना. पैसा पुरवला तो अ‍ॅनी हॉर्निमन या श्रीमंत इंग्रज बाईंनी. त्यांच्या घराण्याचा चहाचा मोठा व्यापार होता. नट मात्र सारे हौशी. फ्रँक आणि विली हे फे बंधू त्यांचे म्होरके. दिवसभर नोकरीधंदा आणि संध्याकाळी तालीम, असा त्यांचा क्रम होता.

पुढे हॉर्निमनबाईंच्या पैशातून नटांना पगार सुरू झाला आणि नाट्यगृहात चक्क फूट पडली! नाटक हे देशकार्य, त्याचे पैसे कसले घ्यायचे, असे मानणारी काही मंडळी बाहेर पडली आणि त्यांनी आपली वेगळी संस्था काढली. हौशी, प्रायोगिक आणि व्यावसायिक यांचे वाद ज्यांनी आपल्याकडे ऐकले आहेत, त्यांना हे सारे ओळखीचे वाटेल.

पगार होता, पण तो बेताचाच. बॅरी फिट्झजेरल्ड हा अ‍ॅबीचा गाजलेला विनोदी नट. शॉन ओकेसीच्या नाटकांत त्याने डब्लिनकरांना पोट धरधरून हसवले. पण १९२९ पर्यंत हा गृहस्थ दिवसा सरकारी कचेरीत कारकुनी करीत होता. त्याचे खरे नाव विल्यम शील्ड्स. रंगमंचासाठी त्याने दुसरे घेतले होते. पुढे हॉलिवूडमध्ये जाऊन ‘गोइंग माय वे’ या चित्रपटासाठी त्याने ऑस्करही मिळवले. बँकेत किंवा टपाल खात्यात नोकरी सांभाळून रंगमंच गाजवणाऱ्या आपल्याकडच्या कितीतरी नटांचा हा सख्खा भाऊच म्हणायचा.

१९२५ मध्ये नव्या आयरिश सरकारने अ‍ॅबीला ८५० पौंडांचे अनुदान दिले. इंग्रजी बोलणाऱ्या जगात सरकारी अनुदान मिळालेले हे पहिले नाट्यगृह. अ‍ॅबीत पुढे पगारी नटांचा कायम संच होता. आज ही भूमिका, पुढच्या महिन्यात ती, पण महिन्याचा खर्च ठरलेला. विसावे शतक संपता संपता ही पद्धतही मोडीत निघाली. आजचा आयरिश नट एका नाटकापुरता करार करतो आणि ते संपले की पुन्हा मोकळा.

काम मिळते कसे?

आपल्याकडे व्यावसायिक नटाला ‘नाईट’ मिळते, म्हणजे प्रयोगागणिक पैसे. आयर्लंडमध्ये हिशेब आठवड्याचा. चार-पाच आठवडे तालीम, मग सलग काही आठवडे प्रयोग, जमले तर दौरा. तालमीच्या काळाचेही पैसे मिळतात, ही गोष्ट आपल्या नटांनी मुद्दाम लक्षात घेण्यासारखी आहे. ‘आयरिश इक्विटी’ ही नटांची संघटना किमान दर आणि कामाच्या अटी यांसाठी झगडते. पण नाटक संपल्यावर पुढचे काम सहा दिवसांनी मिळेल की सहा महिन्यांनी, हे कोणतीच संघटना सांगू शकत नाही.

शिक्षणाच्या सोयी चांगल्या आहेत. ‘गेएटी स्कूल ऑफ अ‍ॅक्टिंग’ १९८६ पासून चालू आहे. २०११ मध्ये ट्रिनिटी कॉलेजात ‘द लिर’ ही राष्ट्रीय नाट्य अकादमी निघाली. लंडनच्या सुप्रसिद्ध ‘राडा’शी ती जोडलेली आहे. अभिनयाचा तीन वर्षांचा पदवी अभ्यासक्रम आणि प्रवेश निवड-चाचणीतून. पॉल मेस्कल २०१७ मध्ये येथूनच बाहेर पडला आणि त्याच वर्षी डब्लिनच्या ‘गेट’ नाट्यगृहात त्याने गॅट्स्बीची मुख्य भूमिका केली. पुढे दूरचित्रवाणी आणि चित्रपटांनी त्याला जगभर नेले. पण असे भाग्य वर्गातल्या एखाद्याचेच असते.

बाकीच्यांचा मार्ग लांबचा. ‘स्पॉटलाइट’ या नटांच्या सूचीत नाव घालायचे, छायाचित्रे द्यायची, एजंट शोधायचा. आता तर चाचणीसाठी जावेही लागत नाही. घरच्या भिंतीसमोर उभे राहून स्वतःचे चित्रण करायचे आणि पाठवून द्यायचे. पलीकडून उत्तर येईलच असे नाही. परदेशातून तेथे जाऊ पाहणाऱ्याने आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. युरोपबाहेरच्या नागरिकाला तेथे काम करायचे तर परवान्याचा प्रश्न आधी सोडवावा लागतो.

काम मिळत नसेल तर आपणच निर्माण करावे, असाही एक रस्ता तेथे आहे. ‘शो इन अ बॅग’ हा उपक्रम २०१० मध्ये सुरू झाला. डब्लिन फ्रिंज महोत्सव, ‘फिशॅम्बल’ ही नाट्यसंस्था आणि आयरिश थिएटर इन्स्टिट्यूट या तिघांनी तो मिळून उभा केला. नावाप्रमाणेच एका पिशवीत मावेल एवढे नेपथ्य आणि एक-दोन नट. त्यातून नटांना लेखनाची, दिग्दर्शनाची, दौऱ्याची मदत मिळाली आणि आपले छोटेखानी नाटक घेऊन ते गावोगाव फिरू शकले. एकपात्री प्रयोगांवर अनेक नटांचे संसार चालले, हे मराठी प्रेक्षकाला वेगळे सांगायला नको.

राजधानीबाहेरही हालचाल आहे. पश्चिम किनाऱ्यावरच्या गॉलवे गावात १९७५ मध्ये गॅरी हाइन्स, मारी मलन आणि मिक लॅली या तिघा तरुणांनी ‘ड्रुइड’ ही संस्था काढली. १९९८ मध्ये त्याच गॅरीबाई न्यूयॉर्कला नाट्यदिग्दर्शनाचा टोनी पुरस्कार मिळवणाऱ्या पहिल्या स्त्री ठरल्या. मारी मलन यांना त्याच नाटकासाठी उत्कृष्ट अभिनेत्रीचा टोनी मिळाला. कॉर्क शहरात ‘कॉर्काडॉर्का’ या छोट्या संस्थेच्या ‘डिस्को पिग्ज’ नाटकात १९९६ मध्ये एक नवखा मुलगा उभा राहिला. त्याचे नाव किलियन मर्फी. २०२४ मध्ये त्याने ऑस्कर घेतले. पण त्याला पहिली संधी देणाऱ्या त्या संस्थेने त्यापूर्वीच, २०२२ मध्ये, आपला गाशा गुंडाळला होता. झाड वाढते आणि रोपवाटिका बंद पडते, असा हा प्रकार.

तीनशे सह्यांचे पत्र

आयरिश रंगकर्मी मुकाट्याने सोसणाऱ्यांपैकी नाहीत. २०१६ हे आयर्लंडच्या १९१६ मधील उठावाचे शताब्दी वर्ष. त्यानिमित्त अ‍ॅबीने दहा नाटकांचा कार्यक्रम जाहीर केला. त्यात स्त्रीने लिहिलेले नाटक होते फक्त एक! १२ नोव्हेंबर २०१५ रोजी खुद्द अ‍ॅबीच्याच रंगमंचावर रंगभूमीवरच्या स्त्रियांनी सभा घेतली आणि जाब विचारला. हा प्रश्न मानापुरता नव्हता. लेखिका नाहीत म्हणजे स्त्रियांच्या दमदार भूमिका कमी, आणि भूमिका कमी म्हणजे अभिनेत्रींची चूल थंड. या चळवळीनंतर तेथील नाट्यसंस्थांना स्त्री-पुरुष समानतेचे लेखी धोरण आखावे लागले.

जानेवारी २०१९ मध्ये दुसरा आवाज उठला. तीनशेहून अधिक नट, दिग्दर्शक, लेखक आणि तंत्रज्ञ यांनी संस्कृतिमंत्र्यांना उघड पत्र लिहिले. तक्रार अशी की, अ‍ॅबी स्वतःची नाटके कमी करते, इतर संस्थांबरोबर भागीदारीत केलेली किंवा बाहेरून आणलेली नाटके जास्त लावते. त्यामुळे देशातच राहणाऱ्या नटांना राष्ट्रीय रंगभूमीवर थेट काम मिळेनासे झाले आहे. आपण अधिक विविध नाटके आणि नवे प्रेक्षक आणत आहोत, असे नाट्यगृहाच्या चालकांचे म्हणणे होते. दोन्ही बाजूंत तथ्य असेल. पण जनतेच्या पैशावर चालणाऱ्या नाट्यगृहाने नटांना काम देणे हेही त्याचे कर्तव्यच, हा मुद्दा त्या पत्राने ऐरणीवर आणला.

आठवड्याला ३२५ युरो

आयर्लंड कलावंतांना मानणारा देश म्हणून ओळखला जातो. १९६९ मध्ये तेथे लेखक, संगीतकार, चित्रकार आणि शिल्पकार यांच्या कलेच्या उत्पन्नाला करात सवलत मिळाली. १९८१ मध्ये ‘ईस्डाना’ नावाचे कलावंतांचे मंडळ स्थापन झाले आणि त्यातल्या गरजूंना मानधन सुरू झाले. पण या दोन्ही ठिकाणी नटाला जागा नव्हती. लिहितो तो निर्माता, बोलून दाखवतो तो नुसता वाहक, असा यामागचा हिशेब. लेखकाचे संवाद पाठ करून त्यांत प्राण ओतणारा नट दाराबाहेरच राहिला.

हे दार उघडले ते कोविडच्या साथीने. मार्च २०२० मध्ये नाट्यगृहे बंद झाली आणि नटांच्या हातचे काम एका दिवसात गेले. त्याच वर्षी सरकारने नेमलेल्या कृतिगटाने शिफारस केली की, कलावंतांना ठरावीक मूळ उत्पन्न देऊन पाहावे. त्याप्रमाणे २०२२ मध्ये योजना सुरू झाली. नऊ हजारांवर अर्ज आले, त्यांतले सुमारे ८,२०० पात्र ठरले आणि त्यांतून सोडत काढून दोन हजार जणांची निवड झाली. प्रत्येकाला आठवड्याला ३२५ युरो. या वेळी नटही यादीत होते.

योजनेची आखणी विचारपूर्वक झाली होती. कोणाची कला थोर आणि कोणाची सामान्य, हे ठरवणारी समितीच नव्हती. अर्जदाराने आपण व्यावसायिक कलावंत असल्याचे दाखवायचे, एवढेच. त्यासाठी कलेतले उत्पन्न, प्रत्यक्ष केलेले काम किंवा व्यावसायिक संघटनेचे सभासदत्व, या तिन्हींपैकी दोन पुरावे हवेत. दुसरे काम करायला बंदी नव्हती; मात्र या रकमेवर कर लागू होता. ज्यांना पैसे मिळाले नाहीत अशा सुमारे हजार जणांचीही पाहणी ठेवण्यात आली, म्हणजे फरक नेमका किती पडतो ते कळावे.

फरक पडला. पैसे मिळणाऱ्यांनी आपल्या कलेला अधिक तास दिले, त्यांची चिंता आणि निराशा कमी झाली. सरकारी अभ्यासाने हिशेब मांडला तो असा : खर्च झालेल्या प्रत्येक युरोमागे समाजाला १.३९ युरोंचा लाभ. मूळची तीन वर्षांची मुदत फेब्रुवारी २०२६ पर्यंत वाढवण्यात आली आणि ऑक्टोबर २०२५ च्या अर्थसंकल्पात ही योजना पुढे चालू ठेवण्याची घोषणा झाली.

सारे काही आलबेल झाले असे समजू नये. पात्र ठरलेल्या चौघांपैकी एकाच्याच पदरात सोडतीने दान टाकले. उरलेल्या तिघांची गरज काही कमी नव्हती. डब्लिनची घरभाडी अशी की, ३२५ युरोंतला मोठा वाटा तिथेच जातो. शिवाय हा पैसा नटाला जगवतो, त्याला भूमिका देत नाही. त्यासाठी नाटके व्हावी लागतात, छोट्या संस्था टिकाव्या लागतात. कॉर्काडॉर्कासारखी संस्था बंद पडली तर पुढच्या किलियन मर्फीने कुठल्या रंगमंचावर उभे राहायचे?

तरीही एक गोष्ट घेण्यासारखी आहे. आपल्याकडे नटाची आठवण समाजाला होते ती बहुधा म्हातारपणी, तो अंथरुणाला खिळला की. मग मदतनिधी, मदतीचा प्रयोग, वृद्ध कलावंतांचे मानधन. आयर्लंडने हात पुढे केला तो नट उमेदीत असताना, त्याचे उत्तम काम अजून व्हायचे असताना. नाटकात काम करणारा मुलगा किंवा मुलगी ज्यांच्या घरात आहे, त्यांनी ‘पोटापाण्याचे काय?’ हे जरूर विचारावे, त्यात गैर काहीच नाही. मात्र तो प्रश्न एकट्या त्या मुलालाच विचारून थांबू नये. तिकिटाचे पैसे वाचवणाऱ्या प्रेक्षकाला, तालमीचे पैसे न देणाऱ्या निर्मात्याला आणि सरकारलाही तो तितक्याच आपुलकीने विचारायला हवा.