एक महिना, एक प्रश्न : वाचन असं करू या



आषाढ पौर्णिमेला वर्षावास सुरू झाला आणि विहारातून संध्याकाळचं ग्रंथवाचनही सुरू झालं. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' समोर ठेवून एक जण वाचतो, बाकीचे ऐकतात. ज्या आजीनं कधी पाटी हातात धरली नाही तिलाही त्यामुळे ग्रंथ कळतो, आणि मधेच थांबवून प्रश्न विचारायचा हक्कही तिला मिळतो. सामूहिक वाचनाची अशी परंपरा ज्या समाजाजवळ आहे, त्या समाजातल्या सुशिक्षित तरुणाचं स्वतःचं वाचन कसं आहे, हा या लेखाचा विषय.

आपला समाज पुस्तकं विकत घेतो. ६ डिसेंबरला शिवाजी पार्कवर आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षाभूमीवर पुस्तकांच्या स्टॉलपुढे जी गर्दी होते, ती महाराष्ट्रात दुसरीकडे क्वचितच दिसते. याचा अभिमान जरूर बाळगावा. पण आपलं वाचन कॅलेंडरला बांधलेलं आहे. जानेवारीत सावित्रीमाई, एप्रिलमध्ये जोतिबा आणि बाबासाहेब, ऑगस्टमध्ये अण्णा भाऊ. जयंती आली की चार पानं चाळायची, भाषणापुरती दोन वाक्यं काढायची, स्टेटसला ठेवायची. महापुरुषांच्या जन्मतारखा आपल्याला पाठ असतात, पण त्यांचे युक्तिवाद सांगता येत नाहीत. समोरचा माणूस वादाला उभा राहिला की आपण घोषणेवर येतो.

माझं म्हणणं एवढंच आहे की वाचन प्रसंग पाहून करू नये, प्रश्न पाहून करावं. महिन्याला एक प्रश्न घ्यावा, आणि त्या प्रश्नावर जे जे सापडेल ते शेजारी शेजारी ठेवून वाचावं. श्रावण पौर्णिमेपर्यंतच्या महिन्यासाठी मी जो प्रश्न घेतला तो होता जमिनीचा.

जमीनच का? बीड जिल्ह्यात गायरान कसून जगणारी कितीतरी बौद्ध, मातंग आणि भटकी कुटुंबं आहेत. २०२२ साली मुंबई उच्च न्यायालयानं गायरानावरच्या अतिक्रमणांची स्वतःहून दखल घेतली, राज्यभर नोटिसा निघाल्या, आणि तीस-चाळीस वर्षं वहीत केलेली जमीन रात्रीतून जाईल अशी धास्ती वस्त्यांत बसली. ती धास्ती अजून गेलेली नाही. अशा वेळी कार्यकर्त्याला 'जमीन आमच्या हक्काची' एवढंच म्हणता येऊन भागत नाही. हक्काची म्हणजे कशी, हे सांगता यायला हवं.

सुरुवात केली बाबासाहेबांच्या १९१८ च्या लेखापासून. भारतातल्या लहान शेतजमिनींवरचा हा निबंध त्यांनी वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी लिहिला. तेव्हाचे पंडित म्हणत होते, शेतीचे तुकडे जोडा म्हणजे प्रश्न सुटेल. बाबासाहेबांनी सांगितलं, शेत लहान की मोठं हे नुसत्या एकरांवर ठरत नाही. त्यावर भांडवल, अवजारं आणि श्रम किती लावता येतात यावर ते ठरतं. शेतीवर जगणाऱ्या माणसांचा भार कमी झाल्याशिवाय तुकडे जोडून काही होणार नाही, आणि तो भार कमी करायचा तर उद्योग हवेत. आज दोन एकर कोरडवाहू असूनही जो माणूस ऊस तोडायला जातो, त्याच्याकडे बघून हा निबंध वाचावा.

त्यानंतर १९२८ चं वतन विधेयक आणि त्यावरची मुंबई कायदेमंडळातली भाषणं. बीड तेव्हा निजामाच्या राज्यात, म्हणजे विधेयक आपल्या मुलखाचं नव्हतं, पण तर्क आपल्याही मुलखाला लागू पडतो. महाराला वतनाची जमीन होती. ती तुटपुंजी जमीन आणि बलुतं यांच्या बदल्यात सगळं कुटुंब दिवसरात्र सरकारी हुकमाखाली आणि गावाच्या दारात उभं. म्हणजे जमीन हाती असूनही माणूस गुलाम. बाबासाहेब या जमिनीवर खूश नव्हते, तिच्यातला वेठीचा दोर त्यांना कापायचा होता.

तिसरं, १९४७ चं 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज', संविधान सभेपुढे ठेवण्यासाठी शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीनं तयार केलेलं निवेदन. त्यात शेती हा राज्याचा उद्योग करावा, जमीन राज्यानं ताब्यात घेऊन गावकऱ्यांना जात-धर्म न पाहता सामूहिक रीतीनं कसायला द्यावी, म्हणजे जमीनदारही उरणार नाही, कूळही नाही आणि भूमिहीन मजूरही नाही, अशी मांडणी आहे.

सोबत जोतिबांचा १८८३ चा 'शेतकऱ्याचा असूड' पुन्हा वाचला. शेतकऱ्याला नागवणारी भटशाही आणि नोकरशाही त्यात आहेच, पण बांधबंदिस्ती, तलाव आणि पाण्याचा विचारही आहे. बिंदुसरेच्या काठी राहणाऱ्यानं तो भाग विसरू नये. आणि शेवटी आपल्याच जिल्ह्यातलं पुस्तक, एकनाथ आवाडांचं 'जग बदल घालुनी घाव'. मातंग समाजातल्या पोतराजाचा हा मुलगा मानवी हक्क अभियान उभं करतो, गायरानासाठी लढतो आणि पुढे बौद्ध धम्म स्वीकारतो. महार-मांग एकीवर व्याख्यानं देणाऱ्यांनी हे पुस्तक आधी वाचावं.

ही पुस्तकं एकत्र वाचल्यावर एक गोष्ट स्पष्ट होते, जी एकेकटं वाचून होत नाही. प्रश्न जमीन किती हा नाही, जमीन कोणत्या अटीवर हा आहे. वतनाच्या जमिनीनं माणूस गावाला बांधला. गायरानाच्या जमिनीनं तोच माणूस पाटलाच्या वाड्यापुढून ताठ मानेनं जाऊ लागला. माती तीच, पण अट बदलली. म्हणूनच गायरानावरची लढाई दोन एकरांपुरती नसते, हे आपल्याला कागदानिशी सांगता येतं.

आणि कागद म्हटला की पुस्तकाबाहेरचं वाचनही आलं. १९९१ च्या शासन निर्णयात अतिक्रमण नियमानुकूल करण्यासाठी १४ एप्रिल १९९० ही मुदत आहे. त्याआधीपासून जमीन कसत होतो हे दाखवायला गाव नमुना १-ई, म्हणजे तलाठ्याकडची अतिक्रमणाची नोंदवही, महत्त्वाची ठरते. तिच्यात आपल्या आज्याचं नाव आहे की नाही, हे किती कार्यकर्त्यांनी पाहिलं आहे? खंड पहिला वाचणाऱ्या हातानं नमुना १-ई सुद्धा वाचला पाहिजे. दोन्ही मिळूनच अभ्यास पुरा होतो.

काही मित्र म्हणतात, वाचत बसून काय होणार, रस्त्यावर या. रस्त्यावर यायचंच आहे. पण निवेदन देऊन साहेबांसमोर उभं राहिल्यावर साहेब एक परिपत्रक पुढे करतो आणि आपली शिष्टाई तिथंच संपते, हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. काही जण म्हणतात, खंड मिळत नाहीत, इंग्रजी जड जातं. ही तक्रार खरी आहे. बाबासाहेबांच्या खंडांची छपाई रखडल्याची दखल डिसेंबर २०२१ मध्ये उच्च न्यायालयाला स्वतःहून घ्यावी लागली, ही सरकारची लाज आहे. ते खंड गावच्या ग्रंथालयात यावेत म्हणून अर्ज करणं हेही चळवळीचंच काम आहे. तोवर चौघांत मिळून एक खंड घ्या. १९१८ चा निबंध आणि १९४७ चं निवेदन दोन्ही पहिल्याच खंडात आहेत. ज्याला इंग्रजी येतं त्यानं इतरांना समजावून सांगावं, शिक्षणाची एवढी परतफेड समाजाला मागता येते.

आता पुढचे दोन महिने. भाद्रपद पौर्णिमेपर्यंतचा प्रश्न बाईच्या श्रमाचा. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, उचल नवऱ्याच्या हाती पडते, आणि खाडा झाला की कापणी दोघांच्या मजुरीतून. बीड जिल्ह्यात ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याचा प्रश्न गाजला तेव्हा २०१९ मध्ये नेमलेल्या समितीच्या पाहणीत ८२,३०९ पैकी १३,८६१ स्त्रियांची शस्त्रक्रिया झाल्याचं आढळलं. हा आकडा शेजारी ठेवून बाबासाहेबांचं १९२८ चं प्रसूती लाभ विधेयकावरचं भाषण वाचायचं आहे. बाळंतिणीला विश्रांती मिळणं राष्ट्राच्या हिताचं आहे, त्याचा भार सरकारनं उचलावा आणि मालकालाही मोकळं सोडू नये, असं ते सांगतात. इथं मालक कोण? कारखाना ठेकेदाराकडे बोट दाखवतो, ठेकेदार मुकादमाकडे. या प्रश्नासोबत ताराबाई शिंदेंची 'स्त्री पुरुष तुलना', बेबीताई कांबळेंचं 'जिणं आमुचं' आणि ऊर्मिला पवार-मीनाक्षी मून यांचं 'आम्हीही इतिहास घडवला'. बेबीताई दुकानात रद्दीला आलेले कागद वाचत आणि घरच्यांपासून लपवून लिहीत. वेळ मिळत नाही म्हणणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे लक्षात ठेवावं.

तिसरा महिना अश्विन पौर्णिमेपर्यंत, प्रश्न शाळेचा. टोळीबरोबर फडावर जाणाऱ्या लेकराचं वर्ष बुडतं. जोतिबांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेलं निवेदन, बाबासाहेबांची कायदेमंडळातली शिक्षणावरची भाषणं आणि हंगामी वसतिगृहांचे शासन निर्णय, एवढं वाचायचं आहे.

पद्धत साधी. रोज दहा पानं. एक वही, तिच्यात तीन नोंदी : लेखक काय म्हणतो, कशाच्या आधारावर म्हणतो, आणि आपल्या वस्तीत ते कुठं दिसतं. रविवारी विहारात ग्रंथवाचन झालं की अर्धा तास त्यातला एक उतारा मोठ्यानं वाचायचा आणि आधी बायकांना बोलू द्यायचं. उसाचा हिशोब त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतो.

वेळ थोडा आहे. दसरा सरला की मुकादमाच्या गाड्या लागतात आणि दिवाळीपर्यंत निम्मी वस्ती कुलूपबंद होते. ज्यांच्यासाठी हे वाचायचं, ती माणसं तेव्हा फडात असतील. त्याआधी नमुना १-ई ची नक्कल काढून झाली पाहिजे आणि लेकरांचे वसतिगृहाचे अर्ज गेले पाहिजेत. तुमच्या गावाचा प्रश्न वेगळा असेल. तो आधी ठरवा आणि पुस्तकं त्यानंतर निवडा.

जयभीम! नमो बुद्धाय!

— पाली, जि. बीड