शाळेच्या दारात पोलीस कशासाठी?

बदलापूरच्या एका शाळेत ऑगस्ट २०२४ मध्ये चार वर्षांच्या दोन मुलींवर अत्याचार झाले. तेव्हापासून शाळांत पोलीस नेमावेत ही मागणी अधूनमधून डोके वर काढते. सोलापूरच्या नवी पेठेत शाळा सुटण्याच्या वेळी गर्दीतून वाट काढणाऱ्या मुली ज्याने पाहिल्या, त्याला या मागणीमागची भीती समजेल. तिची टवाळी करण्याचे कारण नाही. परंतु बदलापुरात उणीव फाटकावरच्या शिपायाची नव्हती. तक्रार घेऊन गेलेल्या पालकांना पोलीस ठाण्यात तासन् तास ताटकळावे लागले. हजारो माणसे रेल्वेच्या रुळांवर उतरली तेव्हा कुठे संबंधित पोलीस निलंबित झाले. जे खाते ठाण्यात आलेल्या आईचे ऐकत नाही, ते शाळेत जाऊन मुलीचे ऐकेल हा भरवसा कशाच्या बळावर धरायचा?

कायदा या बाबतीत अधिक शहाणा आहे. मुलाचा जबाब घेताना पोलिसाच्या अंगावर गणवेश नसावा, असे २०१२ च्या पॉक्सो कायद्याने बजावले आहे. २०१५ च्या बाल न्याय कायद्याला प्रत्येक ठाण्यात प्रशिक्षित बालकल्याण पोलीस अधिकारी अपेक्षित आहे. पोलिसाची जागा ही. खाकीचा धाक ही शिस्त नव्हे. अमेरिकेत शाळांतून पोलीस ठेवल्याने किरकोळ बेशिस्तीसाठीही मुलांना, त्यातही कृष्णवर्णीय मुलांना, बेड्या पडल्या. आणि टेक्सासमधील उवाल्डे येथे, जिथे शाळांचे स्वतंत्र पोलीस दल होते, २०२२ साली १९ मुले व २ शिक्षिका बळी पडल्या तेव्हा शेकडो पोलीस तासाहून अधिक काळ खोळंबून राहिले.

शाळेतील सखी सावित्री समित्यांचा आदेश मार्च २०२२ मध्येच निघाला होता. बदलापूरनंतर सरकारला त्याचीच आठवण पुन्हा करून द्यावी लागली! आदेशाला पैसा लागत नाही, समुपदेशकाला लागतो. तेच सरकार १५ मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या निर्णयाने कमी पटाच्या शाळांतील शिक्षकांची पदे उडवू पाहते. विडी वळणाऱ्या किंवा यंत्रमागावर राबणाऱ्या आईला दिवसाची मजुरी बुडवून ठाण्यात खेटे घालणे परवडत नाही. तिच्या मुलीला मन मोकळे करायला वर्गातल्या बाईंखेरीज दुसरे कोण आहे?

कार्यकर्त्यांनी या आठवड्यात आपल्या वस्तीतल्या शाळेत जावे. समितीची शेवटची बैठक कधी झाली हे विचारावे आणि बालकल्याण पोलीस अधिकाऱ्याचे नाव मुख्याध्यापकांना ठाऊक आहे काय, तेही.