प्रिंटरसाठी बंद केलेली फायरवॉल

क्षयरोगाच्या रुग्णाचे औषध मध्येच तुटले तर काय होते, हे तानसाच्या आसपासच्या पाड्यांवर फिरणाऱ्या आशाताईंना वेगळे सांगावे लागत नाही. त्या रुग्णाची नोंद आता ‘निक्षय’ पोर्टलवर असते. गरोदर मातेची तपासणी, बाळाची लस, जनआरोग्य योजनेतील शस्त्रक्रियेची मंजुरी, ई-संजीवनीवरून मिळणारा तज्ज्ञाचा सल्ला हे सगळेही संगणकावरूनच होते. शहापूरचे उपजिल्हा रुग्णालय असो, मुरबाडचे ग्रामीण रुग्णालय असो की डोळखांब, किन्हवली, धसईची प्राथमिक आरोग्य केंद्रे, संगणक बंद म्हणजे उपचारांची एक कडी निखळली. तरीही दोन रुग्ण तपासताना मध्ये हात धुणारे आपले आरोग्य खाते संगणकाच्या स्वच्छतेबद्दल फारसे बोलत नाही.

सरकारी काय, खासगी काय, लहान दवाखान्यांत नेहमी घडणारा एक प्रसंग पाहा. नवा प्रिंटर येतो. केसपेपरच्या खिडकीवरून आज्ञा दिली तरी प्रयोगशाळेतल्या प्रिंटरमधून कागद निघत नाही. बसवायला आलेला मुलगा थोडी खटपट करतो आणि शेवटी विंडोजची फायरवॉल बंद करून टाकतो. कागद निघतो. बाहेर रांग लागलेली असते, सगळ्यांना हायसे वाटते आणि फायरवॉल पुन्हा चालू करायची राहून जाते. ती बंद आहे, हे वर्षभराने कोणाला आठवतही नाही.

फायरवॉल म्हणजे नेमके काय? इतर यंत्रांशी बोलण्यासाठी प्रत्येक संगणकाला पासष्ट हजारांहून अधिक क्रमांकित दारे असतात, त्यांना ‘पोर्ट’ म्हणतात. आतून ज्याला हाक मारली त्याचे उत्तर आत घ्यायचे आणि न बोलावता आलेल्याला दारातच थांबवायचे, एवढा साधा नियम ती पाळते. त्यासाठी वेगळे पैसे लागत नाहीत. २००४ पासून विंडोजमध्ये ती मुळातच चालू असते. म्हणजे ती बंद दिसली, तर कोणी तरी बंद केलेली असण्याची शक्यता अधिक.

यातला धोका जगाने १२ मे २०१७ रोजी पाहिला. ‘वॉनाक्राय’ नावाचा खंडणीखोर किडा ४४५ क्रमांकाच्या पोर्टमधून, म्हणजे फाइल आणि प्रिंटर वाटून घेण्याच्या दारातून, एका संगणकातून दुसऱ्यात शिरत गेला. कोणी चुकीच्या दुव्यावर बोट ठेवायचीही गरज नव्हती. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेतील २३६ पैकी किमान ८० ट्रस्टना त्याचा फटका बसला, हजारो रुग्णांच्या भेटी रद्द झाल्या, काही भागांत अपघातग्रस्तांना लांबच्या रुग्णालयात न्यावे लागले. मायक्रोसॉफ्टने दुरुस्ती दोन महिने आधीच दिली होती. पण तिथल्या राष्ट्रीय लेखापरीक्षकांनी नोंदवलेले निरीक्षण अधिक बोलके आहे: दुरुस्ती बसवलेली असो वा नसो, इंटरनेटकडे तोंड असलेल्या फायरवॉलकडे नीट लक्ष दिले असते, तरी संसर्गापासून बचाव झाला असता.

पुढच्याच महिन्यात ‘पेट्या’च्या लाटेत जेएनपीटीतले मर्स्क समूहाचे टर्मिनल ठप्प झाले. जुलै २०१८ मध्ये नवी मुंबईतल्या एका रुग्णालयाचा डेटा कुलूपबंद करून बिटकॉइनमध्ये खंडणी मागितली गेली. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्समध्ये पाच सर्व्हरवरील सुमारे १.३ टेराबाइट माहिती कुलूपबंद झाली आणि जवळजवळ दोन आठवडे कारभार कागदावर चालला. सरकारने संसदेत दिलेले कारण असे, की तिथल्या नेटवर्कचे योग्य विभाजन केलेले नव्हते. वैद्यकाच्या भाषेत, विलगीकरण कक्षच नव्हता.

‘आमच्या केंद्रातून कोण काय चोरणार?’ हा प्रश्न म्हणूनच गैरलागू आहे. वॉनाक्राय पत्ता विचारून आला नव्हता, तो दिसेल त्या दारावर थाप मारत होता. ‘राऊटर आहे की’ हे उत्तरही अपुरे. राऊटर बाहेरच्याला बऱ्याच अंशी अडवतो, पण रुग्णालयातला संसर्ग शेजारच्या खाटेवरून येतो. कोणाचा तरी पेनड्राइव्ह किंवा घरचा लॅपटॉप आत आला, की पुढची लागण भिंतीच्या आत होते आणि तिथे प्रत्येक संगणकाची स्वतःची फायरवॉलच कामी येते. रेंज नाही म्हणून मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम उरकणाऱ्या केंद्रात तर तिची गरज जास्तच.

तपासायला दोन मिनिटे लागतात. ‘विंडोज सिक्युरिटी’ उघडून ‘फायरवॉल अँड नेटवर्क प्रोटेक्शन’मध्ये जायचे. डोमेन, प्रायव्हेट आणि पब्लिक या तिन्हींपुढे ‘ऑन’ दिसले पाहिजे. हॉटस्पॉट किंवा परके वायफाय जोडताना ‘पब्लिक’ निवडायचे. प्रिंटर अडलाच, तर त्याच्यापुरती सूट प्रायव्हेट नेटवर्कवर देता येते. अर्थात त्या सुटीमुळे तेवढे दार उघडेच राहते, म्हणून ती एखाद्याच संगणकावर असावी आणि त्यावरची विंडोजची अद्ययावत दुरुस्ती चुकू नये. ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० ची नियमित देखभाल संपली आहे. त्यावर चालणाऱ्या जुन्या यंत्रांसाठी हा मुद्दा अधिकच गंभीर आहे. फायरवॉल सगळे रोखत नाही, हेही खरे. बनावट ईमेलमधली फाइल आपणच उघडली किंवा पासवर्ड कागदावर लिहून स्क्रीनला चिकटवला, तर ती काय करणार?

खरी अडचण वेगळी आहे. हे काम नेमके कोणाचे, हे लहान केंद्रात ठरलेलेच नसते. डेटा एंट्री ऑपरेटर कंत्राटी, वैद्यकीय अधिकारी ओपीडीत, आणि तंत्रज्ञ कंपनीचा, बोलावल्यावर येणारा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात सुरक्षेतील हयगयीसाठी २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. पण तो दंड डोळखांबच्या खिडकीवरचे बटण चालू करणार नाही. शीतपेटीचे तापमान दिवसातून दोनदा लिहिले जाते, कारण त्यासाठी तक्ता टांगलेला असतो आणि खाली सही लागते. त्याच भिंतीवर संगणकांसाठी महिन्यातून एकदा सही करायचा एक तक्ता लावायला कोणत्याही वरिष्ठ कार्यालयाच्या मंजुरीची गरज नाही. त्याच्या शेजारी उपचार सुरू असलेल्या क्षयरुग्णांची ताजी छापील यादी कुलपात ठेवली, तर संगणक बंद पडलेल्या दिवशीही आशाताईंना कोणत्या पाड्यावर जायचे ते कळेल.